मध नको, मग मेण कसं चालेल?



दिवाळीच्या सुट्टीत मुलांना मेणबत्त्या करायला शिकवण्याचे वर्ग आता आपल्या गावांतही निघालेत. त्यात मधमाशीच्या मेणाला सध्या भारी मान आहे. षट्कोनी नक्षी उठवलेले पातळ पिवळसर पत्रे मिळतात. कडेला सुती वात ठेवायची, पत्रा चटईसारखा गुंडाळत न्यायचा, झाली मेणबत्ती. विस्तव नाही, भाजायची भीती नाही, पाच वर्षांचं मूलसुद्धा करतं. वास गोड, आणि पाकिटावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’. युरोपात चर्चमध्ये शतकानुशतकं याच मेणाच्या मेणबत्त्या जळत आल्या. तिथल्या कितीतरी घरांत नाताळाआधी मुलांकडून त्या करून घेतात. तीच हौस फिरत फिरत आपल्या दारी आली आहे.

आपल्या घरांनी ही हौस करू नये, असं माझं मत आहे. आधी मत सांगून टाकलं, आता कारणं सांगते. नुसतं ‘आपल्यात चालत नाही’ म्हटलं की आजची मुलं गप्प बसत नाहीत, आणि बसूही नयेत.

आमच्याकडे विषय निघाला तो सूनबाईमुळे. तिने दोन पाकिटं आणली, एक नातीला आणि एक नातवाला. तिचा मुद्दा पक्का होता. बाजारातली पांढरी मेणबत्ती पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलातून निघालेली. ती कडक राहावी म्हणून तिच्यात पुष्कळदा स्टिअरिक अॅसिड घालतात, आणि ते पामतेलातून येतं तसं जनावराच्या चरबीतूनही येतं. “आई, चरबीपेक्षा हे बरं नाही का? मध आपण खात नाही, ते मला माहीत आहे. पण मेण कोण खातंय?” ती म्हणाली.

प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाचे आठ मूलगुण सांगताना पाच अणुव्रतांच्या जोडीला मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग सांगितला. पाठशाळेत आपण सगळ्याजणी ते पाठ करून आलो. तिथे विषय खाण्यापिण्याचा आहे आणि मेणबत्ती कुणी खात नाही, हे खरं. पण मध का वर्ज्य, ते विसरून नुसती वर्ज्य पदार्थांची यादी पाठ ठेवली की असंच होतं. यादीत नाव नाही ना, मग घ्या!

मी कॉमर्सची. बी.कॉम.ला कॉस्टिंगचा पेपर माझा आवडता होता. तेव्हा त्या मेणबत्तीचा हिशेब मांडायला बसले. कामकरी माशीच्या पोटाखाली मेणाच्या ग्रंथींच्या चार जोड्या असतात. साधारण १२ ते १८ दिवसांची झाली की त्यांतून मेण पाझरतं आणि त्याचे बारीक पापुद्रे धरतात. एक पापुद्रा जेमतेम एक मिलिग्रॅमचा. माशी तो पायाने ओढून काढते, तोंडात चावून मऊ करते आणि पोळ्याच्या भिंतीला लावते. एक किलो मेण होण्यासाठी माश्यांना सुमारे सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो, असा हिशेब मधमाशीपालनाच्या पुस्तकांत देतात. म्हणजे आपली ५० ग्रॅमची एक मेणबत्ती घेतली, तर तिच्यात ३०० ते ४०० ग्रॅम मध आणि पन्नास हजारांच्या आसपास पापुद्रे गेले. मध हा कच्चा माल आणि मेण हा त्याचा पक्का माल. कच्चा माल त्यागायचा आणि पक्का माल हौसेने घरात आणायचा, हे माझ्या वहीत तरी बसत नाही.

शिवाय ते पोळं म्हणजे त्यांचं घर, कोठार आणि पाळणा, सगळं एकच. अंडी, अळ्या त्यातच वाढतात. आग्या मोहोळ कड्यावर किंवा उंच झाडावर असतं. जुन्या रीतीने ते काढायचं म्हणजे पलिते पेटवून धूर करायचा, पोळं कापायचं आणि पिळायचं. त्यात अळ्यांचं काय होतं, ते लिहायला नको. पुरुषार्थसिद्ध्युपायात अमृतचंद्राचार्यांनी तर पुढचं पाऊल टाकलं आहे. पोळ्यातून आपोआप गळलेल्या मधातही त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या जीवांचा घात आहे, असं ते सांगतात. ‘माशी मारली नाही, मग काय हरकत’ या पळवाटेला त्यांनी तेव्हाच कुलूप घातलं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. पेटीतल्या मधमाशीपालनात मोहोळ पिळत नाहीत. सातेरी माशी लाकडी पेटीत ठेवतात, चौकटी यंत्रात फिरवून मध काढतात आणि पोळं पुन्हा पेटीत देतात. मेण मिळतं ते चाकूने उतरवलेल्या वरच्या झाकणांचं आणि वितळवलेल्या जुन्या पोळ्यांचं. पुण्याला मधमाश्यांवर संशोधन आणि प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था १९६२ पासून आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथल्या कुटुंबांचं पोट त्यावर चालतं. आणि सूर्यफूल, कांद्याचं बी, डाळिंब या पिकांना माशी लागतेच, हे आपल्या शेती असलेल्या घरांना मी सांगायला नको. त्या माणसाला पापी म्हणण्याचा मला काय अधिकार?

पण म्हणूनच आपल्या शास्त्रातला भेद इथे उपयोगी पडतो. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार आपण शिकलो: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. चूल पेटवणं, घर झाडणं ही आरंभी. शेती, धंदा, नोकरी यांत घडते ती उद्योगी. मधपाळाची हिंसा उद्योगी म्हणता येईल, त्याच्या भाकरीचा प्रश्न आहे. माझ्या नातवंडांची दुपार मजेत जावी म्हणून मी पत्रे विकत आणले, तर त्याला काय म्हणायचं? त्याला शब्द आहे अनर्थदंड, म्हणजे विनाकारण केलेला आरंभ. गुणव्रतांमध्ये आचार्यांनी त्याला वेगळं स्थान दिलं आहे, आणि प्रमादचर्या हा त्याचाच एक भेद. उगाच माती उकरणं, उगाच पाणी सांडणं, उगाच विस्तव पेटवणं. या ‘उगाच’वरच माझा सगळा आक्षेप आहे.

एक मैत्रीण म्हणाली, “आपल्या आज्या कुंकवाखाली काय लावायच्या? मेणच ना!” खरं आहे. कपाळावर आधी मेणाचं बोट, मग त्यावर पिंजर, आणि करंड्याशेजारी मेणाची डबी. ते माशीचंच मेण होतं. पण आजीने केलं म्हणून ते शास्त्र होत नाही. आणि प्रमाणाचं म्हणाल तर एक डबी आजीला वर्षानुवर्षं पुरायची. आपण दिवाळीला डझनाने जाळू.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे, आणि तो नातीने काढला. ती आठवीत आहे. देव्हाऱ्यातली धातूची मूर्ती कशी घडते, हे तिने शाळेत शिकलं होतं. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण बाहेर काढायचं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. या पद्धतीचं संस्कृत नावच मधूच्छिष्ट विधान, म्हणजे माशीच्या मेणाची पद्धत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात तिचं वर्णन आहे. बडोद्याजवळ अकोटा इथे सापडलेल्या तीर्थंकरांच्या जुन्या धातुमूर्तीही ओतीवच आहेत. “मग भगवंतांची मूर्तीसुद्धा मेणातूनच आली ना, आज्जी?”

आली. मी तिला तेच सांगितलं. मूर्ती एकदा घडते आणि चाळीस पिढ्या तिच्यासमोर सामायिक करतात, आणि मेणबत्ती काही तासांत संपते. फरक मला एवढाच दिसतो, आणि तो पुरेसा वाटतो. तिला पुरेसा वाटला की नाही, ते तिने सांगितलं नाही. विचारते आहे, ही मला चांगली खूण वाटते. (रेशमावर ती येणार, हे मला दिसतंय. बस्तीत पूजेला कोण काय नेसून येतं, हा मोठा विषय आहे. तो पुन्हा कधीतरी.)

नातवाचा प्रश्न वेगळा होता. तो सात वर्षांचा. “पण मेण तर आता आणलंय. माश्यांना परत थोडंच मिळणार आहे?” कॉमर्समध्ये याला बुडीत खर्च म्हणतात. झालेला खर्च परत येत नाही, म्हणून तो धरून पुढचा निर्णय घ्यायचा नसतो. मग मी त्याला दुकानाचं उदाहरण दिलं. दुकानदार फळीवरचा माल संपला की पुढची ऑर्डर देतो. आपण पाकीट घेतो तेव्हा झालेल्या मेणाचे पैसे देतो आणि पुढच्या मेणाचा निरोपही पाठवतो. कृत, कारित आणि अनुमोदना यांतलं ‘कारित’ ते हेच. न फोडलेलं पाकीट सूनबाईने परत केलं. फोडलेल्यातल्या दोन मेणबत्त्या नातीने आधीच वळल्या होत्या. त्या तिने पेटवल्या नाहीत, मधमाशीच्या शाळेतल्या प्रकल्पात पोळ्याच्या चित्राशेजारी ठेवल्या. सूनबाईला माझं पटलं का? अर्धं. चरबीचा तिचा मुद्दा मला पूर्ण पटला, म्हणून साधी पांढरी मेणबत्तीही आता आमच्याकडे पाहून-विचारून येते.

जाता जाता एक सांगते. मेण फक्त मेणबत्तीत नसतं. ओठांच्या मलमात असतं, चकाकणाऱ्या गोळ्या-चॉकलेटांवर असतं. पाकिटावर घटकांच्या यादीत ९०१ आकडा दिसला तर ते माशीचं मेण. ९०४ म्हणजे लाखेच्या किड्यापासूनची लाख. ९०३ मात्र ताडासारख्या एका झाडाच्या पानांवरचं मेण, ते वनस्पतीचं. चष्मा लावून वाचायची सवय करा.

मग मुलांनी हाताने काही करूच नये का? असं कोण म्हणतं! दिवाळी आपली भगवान महावीरांच्या निर्वाणाची. ज्ञानाचा प्रकाश मावळला म्हणून मल्ल आणि लिच्छवी राजांनी दिवे लावले, असं कल्पसूत्रात आहे. शक ७०५ मध्ये लिहिलेल्या जिनसेनाचार्यांच्या हरिवंशपुराणातही त्या दीपोत्सवाची कथा येते. त्या दिव्यासाठी मुलांकडून फुलवाती करून घ्या. सरकी काढलेला कापूस पिंजून द्या, दुधाचं बोट लावून वळायला शिकवा. दहा मिनिटं नातवाच्या वातीला शेंडा येतच नव्हता. मग जमलं, आणि त्याने एका बैठकीत तीसेक केल्या. त्या अमावस्येच्या पहाटे निर्वाणलाडू चढवताना बस्तीत नेल्या.

मेणबत्तीच हवी असा मुलांचा हट्ट असेल, तर सोयाबीनचं मेण मिळतं. घेताना ते शुद्ध सोयाचं आहे का, ते विचारा. काही मिश्रणांत पॅराफिन किंवा पुन्हा माशीचंच मेण घातलेलं असतं. मोठ्या पातेल्यात पाणी गरम करून त्यात छोटं भांडं ठेवा आणि मेण वितळवा, थेट आचेवर कधीच नको. ते ७०-७५ अंशांपर्यंत जाऊ द्या, थोडं निवलं की ओता. हे मेण मऊ असतं, उभी मेणबत्ती धरत नाही. जाड काचेची वाटी किंवा मातीची पणती घ्या आणि मधोमध सुती वात काडीला बांधून उभी धरा. वात धरायची ती मुलांनी आणि ओतायचं ते आपण. एक दिवस हलवू नका. वात पाव इंचाहून लांब ठेवू नका, काजळी धरते. पेटलेल्या मेणावर चुकूनही पाणी टाकू नका, भडका उडतो. वर झाकण घालायचं. आणि हासुद्धा आरंभच आहे, तेव्हा चार-पाच पुरेत.

ज्योत उघडी ठेवू नका, हे वेगळं सांगायला नकोच. कंदिलाची जुनी काच मिळाली तर उत्तम, म्हणजे चिलटं, पतंग आत पडत नाहीत. काच वरून उघडी असेल तर तिच्यावर बारीक जाळी ठेवा, कापड नको. आणि भांड्याला चिकटलेलं मेण गरम पाण्याने धुऊन मोरीत सोडू नका, पाइपात जाऊन थिजतं. कागदाने पुसून काढा.