होटगीत जुनं घर घेताय? उताऱ्याबरोबर भिंतीही तपासा

सोलापुरात फ्लॅट परवडत नाही म्हणून होटगीसारख्या गावात जुनं घर शोधणारी कुटुंबं आपल्यात आहेत. उतारा, बोजा सगळं तपासतात. घर मात्र नवा रंग बघून पसंत करतात. आमच्या मते खरा धोका इथेच आहे.

नव्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर रेरा कायद्याने बिल्डरला तो फुकट दुरुस्त करावा लागतो. जुन्या घराला हे संरक्षण नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ विकणाऱ्याला फक्त लपलेला दोष सांगायला लावतं. नीट पाहिलं तर दिसणारा दोष घेणाऱ्यानेच बघायचा.

आपल्याकडची जुनी घरं दगड-मातीची, वर माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंतींखाली आणि जड छतांखाली हजारो माणसं दगावली.

म्हणून इसार देण्याआधी जाणकार इंजिनिअरला घर दाखवा. भिंत फुगलीय का, तुळयांना वाळवी लागलीय का, पाणी कुठे मुरतं, हे बघा. जमलं तर पावसाळ्यात एक फेरी मारा. दोष निघाला तर दुरुस्तीचा खर्च भावातून कापून घ्या. भिंतच धोक्याची असेल तर व्यवहार सोडा.