वजन भरले, हाडांचे काय?

आमच्या इंदूरात एखादी मुलगी जेवत नाही असे सांगितले, तर ऐकणारा प्रथम हसतो. सकाळी पोहे-जिलबीने उजाडणाऱ्या आणि मध्यरात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन झोपणाऱ्या या शहरात अन्न नाकारणे हा आजार असू शकतो, हे पटणे कठीणच. १९९८ साली मलाही ते पूर्णपणे पटलेले नव्हते.

माझ्या दवाखान्यात तीन पिढ्यांपासून येणाऱ्या एका कुटुंबातील सतरा वर्षांची मुलगी तिच्या आईने आणली. तक्रार जेवणाची नव्हती. पाच महिने पाळी आली नव्हती, ही होती. वजन ३६ किलो. ‘मला बारीक व्हायचे आहे’ असे ती एकदाही म्हणाली नाही. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते, एवढेच सांगे. शिवाय तिचे सोमवार, चतुर्थी, एकादशी असे उपवास चालू होते. (आपल्याकडील उपवासात साबुदाण्याची खिचडी असते, त्याने वजन घटलेले मी तरी पाहिलेले नाही. पण त्या मुलीच्या उपवासात खिचडीही नव्हती.) मी संप्रेरकांच्या गोळ्या लिहून दिल्या. पाळी आली, घरचे निश्चिंत झाले. दीड वर्षात वजन ४७ किलोवर गेले आणि माझ्या लेखी रोग संपला.

२०१४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, पाण्याची बादली उचलताना तिच्या कमरेत कळ आली. क्ष-किरण चित्रात कमरेचा एक मणका दबलेला दिसला.

गोळ्यांनी आणलेली ती पाळी म्हणजे पाळी नव्हतीच. गोळी थांबल्यावर होणारा तो रक्तस्राव होता, आणि बीजकोश निद्रिस्त आहेत ही वस्तुस्थिती त्याने माझ्यापासून झाकून ठेवली. या रुग्णांत अशा गोळ्या अस्थिघनता वाढवीत नाहीत, हे आज ठाऊक आहे. तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन यकृतातून जाताना, हाडांच्या वाढीस आवश्यक असलेले आयजीएफ-१ आणखी कमी करते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत त्वचेवर चिकटवावयाच्या पट्टीतून इस्ट्रोजेन दिल्यावर किशोरवयीन मुलींची अस्थिघनता अठरा महिन्यांत वाढली; निरोगी मुलींची बरोबरी मात्र त्यांनाही गाठता आली नाही.

वजनावरून बरे होणे ठरविण्याची आपली सवय जुनी आहे. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव रूढ करणाऱ्या सर विल्यम गल यांच्या १८७४ च्या निबंधात रुग्णांची आधीची व नंतरची चित्रे आहेत. आधी खोल गेलेले गाल, नंतर भरलेला चेहरा. चेहऱ्यामागे काय उरले, हे पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते. आपल्याजवळ ते आहे आणि तरीही आपण गालच पाहतो.

याउलट उदाहरण अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर या शहराचे. मेयो क्लिनिकने १९०७ पासून प्रत्येक रुग्णाची सर्व कागदपत्रे एकत्र ठेवण्याची पद्धत घातली होती. त्या आधारे १९३५ ते १९८९ या काळात हा रोग निदान झालेल्या २०८ रहिवाशांचा पुढील आयुष्यातील मागोवा घेता आला आणि तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. अस्थिभंगाचे प्रमाण अपेक्षेच्या २.९ पट निघाले. निदानानंतरच्या चाळीस वर्षांत कुठले ना कुठले हाड मोडण्याची संचित शक्यता ५७ टक्के. मला अधिक अस्वस्थ करतात ते कालावधीचे आकडे. मणक्याचा अस्थिभंग निदानानंतर सरासरी २५ वर्षांनी, तर खुब्याचा ३८ वर्षांनी झाला. तोपर्यंत निदान करणारा डॉक्टर बहुधा निवृत्त झालेला असतो, आणि साठीकडे झुकलेल्या स्त्रीला आपल्या कुमारवयाबद्दल कोण विचारणार?

कारणे हळूहळू उलगडत आहेत. इस्ट्रोजेन घटते, आयजीएफ-१ घटते, कॉर्टिसॉल वाढते. हाड झिजते आणि त्याच वेळी नवे घडतही नाही. सर्वांगावरील चरबी नाहीशी झालेली असताना अस्थिमज्जेतील चरबी मात्र वाढते, हा तर विलक्षणच प्रकार. त्यातून हे सारे घडते ते हाडांची आयुष्यभराची पुंजी साठण्याच्या वयात. मंदावलेली नाडी वजनाबरोबर सुधारते, मेंदूतील घटलेला करडा भागही बराचसा भरून येतो. हाडे तितकी उदार नाहीत.

‘हा पाश्चात्त्यांचा आजार, आपल्याकडे याचे संशोधन ते काय करावयाचे?’ असे एका ज्येष्ठ स्नेह्याने मला विचारले. माझे उत्तर उलट आहे. लठ्ठपणाची भीती बोलून न दाखविणारे रुग्ण भारतात आणि हाँगकाँगमध्येही वर्णिले गेले आहेत. त्यांच्या हाडांचा दीर्घ इतिहास रॉचेस्टरच्या कागदांतून आपल्याला मिळणार नाही. शिवाय मोठ्या रुग्णालयातील रुग्ण दोन वर्षांत दिसेनासा होतो. आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात राहिलेल्या समाजाच्या कौटुंबिक डॉक्टरकडे मात्र मुलगी येते, सासरहून बाळंतपणाला येते, पुढे नातवंडांना घेऊनही येते. हे भाग्य संशोधकांना सहसा लाभत नाही.

म्हणून मंडळाच्या सदस्यांनी अशा रुग्णांची एक साधी नोंद ठेवावी, असा माझा आग्रह आहे. उंची, सर्वांत कमी वजन, पाळी किती महिने बंद होती, पुढे कुठले हाड केव्हा मोडले आणि शक्य तेथे डेक्सा तपासणी. नाव न घालता, संमती घेऊन. मुलगे वगळू नयेत. हा रोग त्यांनाही होतो. विवाह जुळविताना अशी माहिती बाहेर जाईल ही पालकांची भीती मी जाणतो आणि ती अनाठायी मानीत नाही. कागद कुणाच्या कपाटात राहणार, हे आधी ठरले पाहिजे.

त्या मुलीचे १९९८ चे केसपेपर मी गेल्या वर्षी शोधून काढले. वजन चार वेळा लिहिलेले आहे. उंची एकदाही नाही.