युद्ध दूरचे, बोजा कोरडवाहूवर

मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने युद्धग्रस्त युक्रेनला सुमारे १५.६ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले. अशा कर्जाची किंमत अखेर कोण मोजतो, हे परभणीच्या कापूस-ज्वारी पिकविणाऱ्याला १९९१ पासून ठाऊक आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत बळकावले, तेल भडकले आणि आधीच खालावलेली भारताची परकीय गंगाजळी आटली. जानेवारी १९९१ मध्ये नाणेनिधीचे कर्ज आले. पुढे सोने गहाण पडले, जुलैत रुपयाचे अवमूल्यन झाले. नाणेनिधीला तूटकपात हवी होती. त्याच महिन्याच्या अर्थसंकल्पात खतांचे भाव ४० टक्क्यांनी वाढविण्यात आले.

कर्ज नाकारून देश दिवाळखोरीत लोटावा, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न बोजाच्या वाटणीचा आहे. संसदेत विरोध होताच ती वाढ ३० टक्क्यांवर आली, लहान शेतकऱ्यांना सूट द्यावी लागली. म्हणजे अटी ही काही विधिलिखिते नव्हेत. म्हणूनच संकटकालीन कर्जाच्या अटी सही होण्यापूर्वी संसदेपुढे आल्या पाहिजेत. ही मागणी परभणीच्या बांधावरून उठली, तरच ती दिल्लीत ऐकू जाईल.