नेम चुकला, बरं झालं!

आमच्या ग्रुपमध्ये एक अस्सल कोल्हापूरकर आहे. दर दोन महिन्यांनी तो एकच ऑफर टाकतो, 'चला गावाकडं!' आणि दर दोन महिन्यांनी कुणाची तरी डेडलाइन आडवी येते. या वेळी मात्र पठ्ठ्याने आमिष बदललं. 'मामाच्या रानात उंदरांनी धुमाकूळ घातलाय. घरात एअर गन आहे. येताय का शिकारीला?'

बस्स! एरवी कीबोर्ड बडवण्यापलीकडे बोटांना काही काम न देणारे आम्ही चौघं एका मिनिटात तयार. माझं नेमबाजीचं क्वालिफिकेशन म्हणाल तर जत्रेतले फुगे. दहापैकी सहा. म्हणजे जवळपास ऑलिम्पिकच की!

कोल्हापुरातून पन्नासएक किलोमीटर आत गेलं की राधानगरी. भोगावतीवरचं धरण, आपोआप उघडणारे दरवाजे, पुढे दाजीपूरचं जंगल. कोल्हापूरच्या राजेमंडळींचं हे एकेकाळचं शिकारीचं रान. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५ मध्ये त्याचा विस्तार झाला आणि आता ते साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर आहे. मामांचं गाव अभयारण्याच्या हद्दीबाहेर. पण हद्द कागदावर असते, गव्याला ती कोण दाखवणार?

दिवाळी नुकतीच झाली होती. भात कापून खळ्यावर आलेलं, शेजारी ऊस उभा. मामांनी आधी आम्हाला बांधावरून फिरवलं. बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग दिसला की समजायचं, मुक्काम चालू आहे. एक बीळ त्यांनी कुदळीने उकरलं. आत काय असावं? भाताच्या लोंब्यांचा नीट रचून ठेवलेला साठा! शेतातला हा उंदीर खातो कमी आणि साठवतो जास्त. उसाचं तर तो बूडच कुरतडतो. मग ऊस आडवा होतो आणि वजन-गोडी दोन्हींत मार बसतो. 'आमचं गोडाऊन ह्यो भरतोय आनि आमी रिकामं!' मामा हसत म्हणाले. पण ते हसू फार टिकलं नाही.

जेवणं झाली. नाचणीची भाकरी, खर्डा, वर दही. आणि मग रात्री दहाला आम्ही टॉर्च घेऊन 'ऑपरेशन उंदीर'वर! पहिला अर्धा तास नुसते डास. मग बांधाच्या कडेला गवत हललं. टॉर्चच्या उजेडात दोन डोळे चमकले. 'घूस! घूस! मार!' मागून कुणीतरी कुजबुजलं. मी श्वास रोखला, नेम धरला आणि चाप ओढला.

छर्रा कुठे गेला देव जाणे. पण ते डोळे एकदम उंच झाले. लांब पाय, टोकदार कान, आखूड शेपटी. एक क्षण माझ्याकडे बघून ते जनावर उसात शिरलं.

'पोरी, ते रानमांजर हुतं,' मामा शांतपणे म्हणाले. मला वाटलं, आता कायद्याचं लेक्चर मिळणार. रानमांजराला कायद्याने संरक्षण आहे, एवढं मला माहीत होतं आणि पोटात गोळाही आला होता. मामांनी कायद्याचं नाव काढलं नाही. ते म्हणाले, 'त्यो माझा गडी हाय. रातच्याला रानात राबतोय. पगार न्हाई, सुट्टी न्हाई. असा मानूस तुमच्या हापिसात हाय का?'

बंदूक मी गुपचूप मित्राच्या हातात दिली. त्याने ती थेट घरात नेऊन ठेवली. आमची शिकार संपली, स्कोअर शून्य.

ओट्यावर बसून मग मामांनी खरा हिशोब मांडला. 'तू एक मारलास, तवर बिळात आठ जल्मली.' अतिशयोक्ती नाही बरं. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिल्लं सहज होतात. बंदूक हा रविवारचा टाइमपास, उपाय नव्हे. हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. कॅनडाच्या गव्हाच्या प्रदेशात 'गोफर' नावाची खारीच्या जातीतली मंडळी शेतं पोखरतात. तिथल्या सास्काचेवान प्रांतात २००२ मध्ये तर गोफर मारायची चक्क स्पर्धा भरवली होती. गोफर आजही आहेत. उलट आपल्या अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून लोकांनी एअर गन स्वतःहून सरकारजमा कराव्यात म्हणून मोहीम सुरू झाली. कारण सोपं. बंदूक एकदा हातात आली की नेम फक्त उंदरावर राहत नाही. मी त्याचा चालताबोलता पुरावा!

मग करायचं काय? मामांची यादी ऐका. बांध अरुंद ठेवायचे, रुंद बांधात बिळं जास्त. गवत काढायचं. शेतात इंग्रजी 'टी'च्या आकाराचे पक्षीथांबे रोवायचे, म्हणजे रात्री घुबड येऊन बसतं. धामण दिसली की काठी शोधायची नाही. आणि औषध घालायचंच, तर उंदीर वाढायच्या आधी, हंगामाच्या सुरुवातीला आणि अख्ख्या शिवारात एकाच वेळी. नाहीतर माझे उंदीर तुझ्याकडे, तुझे माझ्याकडे. झिंक फॉस्फाईडचं आमिष ठेवण्याआधी दोन-तीन दिवस नुसतं धान्य ठेवावं लागतं. कारण हे गृहस्थ महासंशयी! एकदा पोट बिघडलं की पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाहीत. शिवाय विष खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा रानमांजराने खाल्ला, तर गडीही जायचा.

'पण मामा, कोल्हापूर म्हणजे सहकाराचा जिल्हा. एकत्र यायला काय अवघड?' मी विचारलं.

'दुधाला येत्यात, उसाला येत्यात. उंदराला कोन येतंय?'

खरी गंमत, खरं तर खरा ताप, पुढेच आहे. उंदीर मारायला कुणाची परवानगी लागत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक वेगळी अनुसूची होती, त्यात उंदीर होते. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली, तरी घरातला-शेतातला उंदीर मारला म्हणून कुणी पकडत नाही. रानडुकराचं तसं नाही. ते पिकाची नासाडी करत असेल, तरी वनखात्याची लेखी परवानगी हातात लागते. आणि गवा? पहिल्या अनुसूचीतला, वाघाच्या पंक्तीतला. त्याला हात लावायचा विचारही नको. गव्यांचा कळप एका रात्रीत जे खातो, त्यापेक्षा जास्त तुडवतो. मग पंचनामा, अर्ज, नुकसानभरपाईची वाट. तोवर शेतकऱ्याच्या हाती काय? बॅटरी, पत्र्याचा डबा आणि जागरण.

मामा हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते, हेच मला जास्त लागलं. डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये एक गवा शिरला होता, आठवतंय? माणसांची ही गर्दी, मागे पळापळ, हातात मोबाइल आणि शेवटी बिचारा मेला. आपल्यासाठी ती एका दिवसाची ब्रेकिंग न्यूज होती. आपण हळहळलो, स्टेटस टाकलं आणि लॉगइन केलं. मामांच्या रानात तो पाहुणा वरचेवर येतो. ते डबा वाजवतात, त्याला जंगलाकडे वळवतात आणि सकाळी धारा काढायला उठतात. त्यांच्यावर कुणी स्टेटस टाकत नाही.

'गवा वाचला पाहिजे' असं म्हणायला माझं काहीच जात नाही. मामांचं जातं. तरी ते गव्याला 'देवाचं जनावर' म्हणतात. मी तिथे असते तर म्हटलं असतं का? प्रामाणिकपणे सांगते, माहीत नाही.

निघताना मामींनी बळेबळेच नव्या तांदळाची पिशवी गाडीत ठेवली. मी पैसे काढले, तर चिडल्या. परतीच्या वाटेवर चौघंही जरा गप्पच होतो. आता तो तांदूळ शिजवताना भांड्याला चिकटलेलं शीतही टाकवत नाही. उंदीर, डुक्कर, गवा अशा सगळ्यांचा वाटा जाऊन जे उरलं, ते माझ्या ताटात आलंय.

परवा मित्राचा फोन आला. मामांनी पाच पक्षीथांबे रोवलेत आणि एकावर घुबड बसायला लागलंय. शेजारच्या दोघांनीही मागून नेले म्हणे. 'आणि तुझी चौकशी करत होते,' तो म्हणाला. 'म्हणाले, त्या नेमबाज पोरीला सांग, गडी कामावर परत आलाय.'