पहिला लॅपटॉप घेतांना: कोठी आणि ओटा



घरांत येणाऱ्या नव्या वस्तूंची निवड कशी करावी, याविषयीं या सदरांत मीं पुष्कळदां उपदेश केला आहे. आज उपदेशाआधीं एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. आणि ती चूक माझी स्वतःची आहे.

२०२३ सालच्या दिवाळी-पाडव्याला आमच्या पुतण्यासाठीं लॅपटॉप घ्यावयाचें ठरलें. अभ्यास तर त्यावर व्हावयाचाच, पण खेळही खेळतां यावेत, म्हणून बाजारांत ज्याला ‘गेमिंग लॅपटॉप’ म्हणतात तसा तो हवा होता. पैसे घरच्या वडीलधाऱ्यांचे नव्हते. त्याच्या मुंजींत आलेल्या आहेराची रक्कम वहिनींनीं त्याच्या नांवें बँकेंत ठेविली होती, तीच आतां खर्चावयाची होती. यंत्रांतलें मला कळतें असा घरांत सर्वांचा समज. आणि खरें सांगावयाचें तर माझाही. दुकानदारानें एक सडपातळ, देखणा लॅपटॉप पुढें ठेविला. मेमरी ८ जीबी. पुतण्या हळूच म्हणाला, “काका, सोळा असती तर बरें झालें असतें.” मीं म्हटलें, “आठ पुष्कळ झाली. पुढें लागली तर वाढवूं.” दुकानदारानेंही मान डोलावली.

पुढें ती वाढवितां आली नाहीं. त्या यंत्रांत मेमरी मदरबोर्डवरच झाळून, म्हणजे कारागीर ज्याला सोल्डर करणें म्हणतात तसें करून, पक्की बसविलेली होती. दुसरी बसविण्यास जागाच ठेविलेली नव्हती. पुतण्याला हें दुसऱ्याच आठवड्यांत कळलें, परंतु दीड वर्ष तो मला एक अक्षर बोलला नाहीं. काकांनीं निवडलेल्या वस्तूला नांवें कशीं ठेवावयाचीं, हा त्याचा संकोच. अखेर वहिनींच्या तोंडून तें मला कळलें. मीं पैसे भरून देऊं केले, तेव्हां तो म्हणाला, “पैसे नकोत, काका. पुढच्या वेळीं माझें ऐका, म्हणजे झालें.” हें वाक्य मला फार लागलें.

यंदा माझी भाची अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठीं आमच्या घरीं राहावयास आली, आणि ती पुढची वेळ आली. या खेपेस मीं पुतण्याजवळ बसून विषय समजून घेतला. जें कळलें तें येथें देत आहें.

दुकानांत ‘१६/५१२’ अशी भाषा ऐकूं येते. पहिला आंकडा मेमरीचा, म्हणजे रॅमचा. दुसरा साठवणुकीचा, म्हणजे एसएसडीचा. दोन्ही जीबींतच मोजतात, म्हणून घोटाळा होतो. घरच्या भाषेंत बोलावयाचें तर साठवण ही कोठीची खोली आणि रॅम हा स्वयंपाकाचा ओटा. कोठींत वर्षाचें धान्य राहतें आणि यंत्र बंद केलें तरी तें तेथेंच असतें. ओट्यावर त्या वेळच्या स्वयंपाकाला लागेल तेवढेंच काढून ठेवावयाचें. वीज गेली कीं ओटा रिकामा. ओटा अपुरा असला म्हणजे दर फोडणीला कोठीकडे धांवावें लागतें. संगणकही तसेंच करतो. रॅम भरली कीं तो कांहीं भाग साठवणुकींत नेऊन ठेवतो व लागेल तेव्हां परत आणतो. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या मानानें ती फारच मंद. म्हणून ऐन रंगांत आलेला खेळ अडखळतो.

मग रॅम किती असावी? खेळ तयार करणारे स्वतःच किमान गरज जाहीर करीत असतात. २०१५ सालीं संगणकावर आलेल्या ‘जीटीए ५’च्या मूळ आवृत्तीला ४ जीबी किमान व ८ जीबी शिफारस होती. आमच्या पुतण्याचा लॅपटॉप तो खेळ सुखानें चालवितो. परंतु ‘बाल्डर्स गेट ३’ला शिफारस १६ जीबीची आहे, ‘सायबरपंक २०७७’ला किमान १२ जीबी लागतात आणि ‘स्टारफील्ड’ला किमानच १६ जीबी. यावरून १६ जीबी ही आजची खालची पायरी समजावी. ३२ जीबी ज्यांना खेळाबरोबर चित्रफितींचें संपादन किंवा तत्सम जड काम करावयाचें आहे त्यांनीं घ्यावी; इतरांनीं तो पैसा दुसरीकडे वळवावा.

आंकड्याइतकेंच महत्त्व बसविण्याच्या रीतीला आहे. ८ जीबीच्या दोन पट्ट्या असल्या तर बहुधा त्या १६ जीबीच्या एकाच पट्टीपेक्षां चांगलें काम देतात. पंगतींत एकच वाढपी असण्यापेक्षां दोन्ही बाजूंनीं दोघे निघाले म्हणजे वाढप लवकर होतें, तसेंच हें आहे. मात्र खाचा दोनच असतील तर पुढें ३२ करतांना दोन्ही पट्ट्या काढून टाकाव्या लागतील. एक खाच रिकामी असली तर नुसती भर घालतां येते. डीडीआर४ व डीडीआर५ या दोन पिढ्यांच्या पट्ट्या एकमेकींच्या खाचेंत बसत नाहींत, हेंही ध्यानांत ठेवावें.

आतां कोठीकडे वळूं. ५१२ जीबीची एसएसडी घरीं आणून पाहिली तर विंडोज ती सुमारें ४७६ दाखवितें. यांत फसवणूक नाहीं. कारखानदार हजाराच्या पटींत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटींत. त्यांतून विंडोजची स्वतःची जागा वजा करावी, आणि थोडी जागा नेहमीं मोकळी ठेवावी, कारण कांठोकांठ भरलेली एसएसडी मंदावते. आतां खेळ पाहा: ‘बाल्डर्स गेट ३’ १५० जीबी, ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ १५० जीबी, ‘स्टारफील्ड’ १२५ जीबी. तीन खेळांत कोठी भरली! म्हणून शक्य असेल तर १ टीबी घ्यावी. अथवा ५१२ जीबी घेऊन दुसऱ्या एसएसडीसाठीं एम.२ जातीची रिकामी जागा आहे याची खात्री करावी.

वेगाच्या आंकड्यांना फार भुलूं नये. सॅटा जातीची एसएसडी सेकंदाला सुमारें ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई जातीच्या तिसऱ्या पिढीची सुमारें ३,५०० आणि चौथ्या पिढीची सुमारें ७,००० पर्यंत. तिसरी व चौथी यांतला फरक कागदावर दुपटीचा, पण बहुतेक खेळांत फार थोडा जाणवतो. तेव्हां तेवढ्याच पैशांत अधिक जागा मिळत असेल तर जागा घ्यावी. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क मात्र नव्या खेळांना पुरी पडत नाहीं. वर सांगितलेल्यांपैकीं ‘स्टारफील्ड’ व ‘बाल्डर्स गेट ३’ यांनीं तर एसएसडीच मागितली आहे. घरांत जुनी हार्ड डिस्क असल्यास तिच्यावर आजी-आजोबांच्या छायाचित्रांची दुसरी प्रत ठेवावी, कारण एसएसडीवरून पुसलें गेलेलें बहुधा परत मिळत नाहीं.

सर्वांत मोठा नियम असा कीं, जें मागाहून बदलतां येत नाहीं तें आधीं नीट निवडावें. लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिप बदलतां येत नाहीं व तिची स्वतःची मेमरीही वाढवितां येत नाहीं. म्हणून मुख्य पैसा तिच्यावर घालावा. ही मेमरी रॅमहून निराळी. दुकानदारानें दोहोंची बेरीज सांगितली तर मान डोलावूं नये. रॅम व साठवण मागाहून वाढवितां येतात, परंतु त्यांना जागा ठेविलेली असेल तरच. शिवाय ‘मेमरी काय, केव्हांही स्वस्तांत मिळते’ या जुन्या समजुतीवर विसंबूं नये. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्यामुळें २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव एकाएकीं चढले. तेव्हां निदान १६ जीबी आरंभींच घ्यावी.

खरेदीच्या दिवशीं तिघेंही गेलों. पुतण्यानें चार प्रश्न कागदावर लिहून नेले होते: रॅम झाळलेली आहे कीं खाचेंत? खाचा किती व रिकाम्या किती? एसएसडीसाठीं दुसरी जागा आहे काय? आणि पाठ उघडून भर घातली तर हमी राहते काय, तें लेखी द्याल काय? पहिल्याच प्रश्नाला एक देखणें यंत्र बाद झालें. तें पाहून मला दोन वर्षांपूर्वींचा पाडवा आठवला. अखेर ८ जीबीच्या दोन पट्ट्या, ५१२ जीबीची एसएसडी आणि दुसऱ्या एसएसडीसाठीं रिकामी जागा असलेला, जरा जाडजूड लॅपटॉप पसंत पडला. भाचीनें विचारलें, “मामा, तुम्हांला काय वाटतें?” मीं म्हटलें, “दादाला विचार.”

वाचकहो, पैसा मुलांचा असो वा आपला, वस्तु वापरणार तीं. त्यांचा हळूच उच्चारलेला एक शब्द वडिलकीच्या भरांत आपल्या कानांआड होऊं नये, एवढेंच या महिन्याचें सांगणें.