तहसीलीतला वकील

परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी या विधी शाखेच्या विद्यार्थ्याचा १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. पोलिसांच्या मारहाणीने तो दगावला, असा त्याच्या आईचा आरोप. नुसता गुन्हा नोंदवून घेण्यासाठी या माउलीला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागले. तिची बाजू ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी मांडली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने तसा आदेश दिला व सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

या प्रकरणाकडे सबंध राज्याचे लक्ष होते. त्याच जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात गायरान कसणाऱ्या भूमिहीनाचे प्रकरण मात्र तहसील कचेरीत सुरू होते आणि वकिलावाचून बहुधा तेथेच संपते.

मराठवाड्यात गायरानाचा लढा मुख्यतः दलित भूमिहीनांनी लढविला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला. तो कागदावर उतरला, सातबारावर सर्वत्र उतरला नाही. पुढे जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला, तेव्हा गावोगाव नोटिसा निघाल्या. त्या काढताना बडा बागाईतदार आणि दोन एकर ज्वारी पेरणारा मजूर, दोघेही एकाच व्याख्येत बसविले गेले. वस्तुतः भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेनुसार दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालाच्या अखेरीस नमूद आहे. तो वाचून दाखवणारा कोणी तरी तहसीलदारासमोर उभा असावा लागतो.

हे काम दिमाखाचे नव्हे. गाव नमुना १-ई मधील अतिक्रमणाची नोंद शोधणे, पेऱ्याच्या नोंदींच्या नकला काढणे, जुन्या दंडाच्या पावत्या पेटीतून बाहेर काढायला लावणे, यातच आठवडे जातात. दंडाची पावती हाच गरिबाच्या ताब्याचा पुरावा ठरावा, हा या व्यवस्थेचा विनोद म्हणावा लागेल! शिवाय प्रत्येक तारखेला अशिलाची एक दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे जाते, आणि साहेब दौऱ्यावर असले की दोन्ही पाण्यात. न्यायाची ही किंमत अर्थशास्त्राच्या कोणत्याही कोष्टकात मांडलेली नसते.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने यावर तोड काढली होती. या कायद्यात ‘न्यायालय’ म्हणजे महसुली न्यायालयसुद्धा. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया व कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्यास उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. ही माहिती वस्तीपर्यंत न पोहोचण्याचा सारा दोष सरकारच्या माथी मारून चालणार नाही. मोर्चाची तारीख पाठ असलेल्या कार्यकर्त्याला अपिलाची मुदत ठाऊक नसते.

आणि ती मुदत थोडी असते. तहसीलदाराच्या आदेशाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांच्या आत अपील करावे लागते. आदेशाची नक्कल हाती पडल्याबरोबर ती घेऊन वकील गाठणे, हे कार्यकर्त्याचे पहिले काम आहे; निषेधाचे पत्रक दुसऱ्या दिवशी निघाले तरी चालेल.