कलाग्रंथपालाच्या टेबलावर आमची पोरं कधी बसणार?

अमेरिकेत न्यू हेवनच्या येल विद्यापीठातील कला ग्रंथालयात क्रेस फाउंडेशनच्या पैशातून एक फेलोशिप दिली गेली आहे. ग्रंथालयशास्त्राची पदवी नुकतीच घेतलेल्यांनी कलाग्रंथपालाचं काम पगार घेऊन शिकायचं.

यात आपलं काय, असं विचारणाऱ्यांना आम्ही उलट विचारतो : भीमजयंतीचं पोस्टर, जलशाचं हँडबिल, विहाराच्या भिंतीवरल्या चित्राचा फोटो, ही कला की रद्दी, हे ठरवतं कोण? सूची करणारा माणूस. त्यानं नोंद केली नाही, तर उद्याच्या संशोधकासाठी ती वस्तू नसतेच. सवी सावरकरांची चित्रं कुठल्या विषयशीर्षकाखाली शोधायची, हाही त्याच टेबलावरचा निर्णय.

आणि कळीचा शब्द आहे पगार. बिनपगारी उमेदवारी घरचं खाऊन करावी लागते. ती कोणाच्या घरात परवडते, हे वेगळं सांगायला नको. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. त्याच सयाजीरावांनी १९१० मध्ये संस्थानभर ग्रंथालयं उभारण्यासाठी बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले होते, तेही याच न्यू हेवनमधून!

येलच्या एका फेलोशिपनं आमचा प्रश्न सुटत नाही. कलाशिक्षण देणाऱ्या इथल्या विद्यापीठांनी आपल्या ग्रंथालयांत अशी सवेतन फेलोशिप सुरू करावी, तिला आरक्षण लावावं. पहिलं काम आम्ही सुचवतो : वस्त्यावस्त्यांतल्या ट्रंका उघडा. आतली पोस्टरं आणि गाण्यांच्या वह्या वाळवी खाते आहे.